स्पोर्ट्स कारचे हिवाळी टायर : या चुका टाळा

स्टुटगार्टच्या आसपास नोकरीला असलेल्या आणि काही वर्षे पैसे साठवून पोर्शे ९११ घेतलेल्या मराठी मंडळींचे फोन मला दर नोव्हेंबरात येतात, आणि दर वर्षी चुका त्याच असतात. टायर गोटा झाल्याखेरीज तो बदलायचा नाही, अशा घरांत आपण वाढलो. त्यामुळे नक्षी शाबूत असलेले चार टायर उतरवून दुसरे चार चढवणे ही अनेकांना चैन वाटते. मात्र ताशी ३०० किलोमीटर धावणारी गाडी हौसेने घेणाऱ्याने नेमकी टायरवर काटकसर करावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग चूक म्हणजे बर्फ पडण्याची वाट पाहणे. हिवाळी टायर हे नाव ऐकून लोक बर्फाचा विचार करतात, पण खरा प्रश्न थंडीचा आहे. स्पोर्ट्स कारच्या उन्हाळी टायरचे रबर गरम रस्त्यासाठी बनवलेले असते. पारा उतरला की ते कडक होते आणि कोरड्या डांबरावरही त्याची पकड सुटू लागते. याउलट हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. यासाठी ७ अंश सेल्सिअस हा आकडा सांगितला जातो. तो ढोबळ अंदाज आहे, पण ज्याला अनुभव नाही त्याने तो पाळावा.

मला हा धडा माझ्याच गाडीने दिला. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, सकाळचे साडेसहा वाजले होते, रस्ता कोरडा होता आणि डॅशबोर्डवर ३ अंश दिसत होते. घरून निघून जेमतेम दोन किलोमीटर झाले असल्यामुळे टायर अजून गारच होते. लिओनबर्गजवळ महामार्गावर चढणाऱ्या वळणावर मी रोजच्याइतकाच अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीची मागची बाजू अलगद बाहेर निघाली. ९११चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते; ते वजन एकदा झोल घेऊ लागले की सहज आवरत नाही. पिवळा दिवा लुकलुकत राहिला, पण इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेली पकड वाटून देते, नसलेली निर्माण करत नाही. गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर तिरकी उभी राहिली. त्या दिवशी बर्फाचा कणही पडला नव्हता.

तेव्हापासून मी सप्टेंबरातच टायरवाल्याकडची वेळ ठरवून टाकतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात टायर बदलतो, कारण पहिला बर्फ पडला की त्याच्या दारात रांग लागते. ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हा इथला जुना ठोकताळा मला पुरतो. जर्मनीच्या कायद्यात तारीख ठरलेली नाही. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडे असेल तेव्हा योग्य टायर हवेत, नसल्यास ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्ग इथल्या वाहनचालकांच्या गुन्ह्यांच्या नोंदवहीत एक दंडाचा गुण. ऑक्टोबर २०२४ पासून नुसती ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) ही जुनी खूणही चालत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह टायरवर असावेच लागते.

दुसरी चूक म्हणजे स्वस्तात मिळालेली रिम. हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि थोडा अरुंद टायर घेणे मुळात शहाणपणाचे आहे, कारण रुंद टायर चिखलबर्फावर तरंगतो, तर अरुंद टायर तो कापत जातो. मात्र किती लहान घ्यायची, हे ब्रेक ठरवतात. माझ्या एका पुणेकर सहकाऱ्याने सिरॅमिक ब्रेक असलेल्या ९११साठी जुन्या मॉडेलच्या १८ इंची रिम टायरसकट विकत घेतल्या. बोल्टचे अंतर जुळते म्हणून तो खूश होता. गाडी जॅकवर चढवून त्याने पुढचे चाक बसवले आणि हाताने फिरवायला घेतले, तर ते पाव फेरीतच करकरून अडले. ब्रेकची डिस्क दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या कॅलिपरचा पिवळा रंग भुकटी होऊन त्याच्या बोटांना लागला. हिशेब सोपा होता. पुढची डिस्क ४१० मिलिमीटरची आणि १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना जेमतेम २३ मिलिमीटर उरतात आणि त्यातूनही रिमच्या धातूची जाडी वजा होते. कॅलिपर त्यात मावणार कुठे? तरीही “स्पेसर लावून पाहू का?” असे त्याने मला विचारलेच. स्पेसर चाक बाहेर सरकवतो, त्याचा व्यास वाढवत नाही. रिम शेवटी तोट्यात विकाव्या लागल्या.

पैसे देण्यापूर्वी गाडीचे सीओसी, म्हणजे उत्पादकाने दिलेले अनुरूपता प्रमाणपत्र, उघडावे, हीच माझी सवय आहे. नोंदणीपत्रावर बहुधा एकच माप छापलेले असते. चालणारी बाकीची मापे सीओसीमध्ये असतात. पोर्शेसाठी टायरवर ‘एन’ आणि पुढे आकडा अशी पोर्शेच्या मान्यतेची खूण पाहावी आणि पुढे एका नक्षीचे, मागे दुसऱ्या नक्षीचे टायर कधीही लावू नयेत.

टायरच्या मापापुढे छापलेल्या, कमाल वेग सांगणाऱ्या अक्षराबद्दल लोक उगाच घाबरतात. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर; गाडीचा कमाल वेग त्याहून जास्त असला तरी हिवाळी टायरला ते चालते, फक्त चालकाच्या नजरेसमोर मर्यादेचा स्टिकर हवा. टायर किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या, अक्षराआधीच्या आकड्यात मात्र अशी सवलत नाही.

वापरलेले टायर घेऊ नयेत, असे माझे मत आहे. घ्यायचेच असतील तर बाजूवरचे चार आकडे वाचावेत. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. कायद्याला नक्षीची १.६ मिलिमीटर खोली पुरते, पण ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ लागते, आणि मीही ४ च्या खाली गेलेला टायर काढून टाकतो.

हवा गरम गॅरेजमध्ये भरून गाडी बाहेर उभी करू नये; तापमान दहा अंशांनी उतरले की सुमारे ०.१ बार दाब घटतो. नवे टायर पहिले ३०० किलोमीटर जपून चालवावेत. चाकांचे बोल्ट ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्कच्या पान्याने पुन्हा तपासावेत. आणि चाकाच्या मध्यभागी एकच मोठा नट असलेली गाडी असेल, तर तो ६०० न्यूटन मीटरला आवळायचा असल्याने घरच्या पान्याने हौस भागवू नये.

वसंतात टायर उतरवताना प्रत्येकावर खडूने जागा लिहून ठेवावी. मागचे रुंद असल्याने पुढचे-मागचे ओळखू येतात. डावे कोणते आणि उजवे कोणते, हे ऑक्टोबरात कोणालाच आठवत नाही, आणि फिरण्याच्या दिशेचा बाण असलेला टायर उलट्या बाजूला बसला की पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा उलट्या चालतात.