रिमोट स्टार्टर बसवलात? पैसे देण्याआधी हे करून पाहा

बाहेरून रिमोट स्टार्टर बसवून घेतला की फिटर बटण दाबतो, गाडी सुरू होते आणि आपण खूश होऊन पैसे देतो. पण जिथे सुरू व्हायला नको तिथे ती सुरू होत नाही ना, हे कोणी बघत नाही. फिटर समोर असतानाच बघून घ्या.

१. बॉनेट उघडं ठेवून, लांब उभं राहून रिमोट दाबा. इंजिन सुरू झालं, तर बॉनेटखालचा पिन स्विच (बॉनेट उघडं आहे हे ओळखणारं छोटं बटण) जोडलेला नाही. उद्या इंजिनच्या पट्ट्याजवळ मेकॅनिकचा हात असेल आणि कोणीतरी रिमोट दाबेल.

२. बॉनेट लावा, रिमोटने सुरू करा आणि किल्ली न लावता ब्रेक दाबा. इंजिन तिथेच बंद पडायला हवं.

३. मॅन्युअल गाडी असेल तर खरी परीक्षा इथेच. न्यूट्रल, हँडब्रेक, मग मॉड्यूलच्या (रिमोट स्टार्टरच्या गाडीत बसवलेल्या डबीच्या) पुस्तिकेतल्या क्रमाने गाडी रिमोटसाठी तयार करून उतरा, दारं लावा. आता एक दार उघडून पुन्हा लावा आणि रिमोट दाबा. गाडी सुरू होता कामा नये, कारण मधे कोणीतरी आत शिरून गिअर टाकलेला असू शकतो. चारही दारांनी वेगवेगळं करून बघा. ड्रायव्हरच्या दाराला वायर आणि मागच्या दारांना काहीच नाही, असंही असतं.

मॅन्युअलसाठी ही सोय नसलेलं मॉड्यूल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. आणि उतारावर गाडी गिअरमध्ये लावायची असेल, तर त्या दिवशी रिमोट विसरा.