नांगर टाकायच्या आधी दोर मोजा

होडी काढायच्या आदल्या रात्री मी आधी दोर मोजतो, नांगर नंतर बघतो. नवीन लोकांचा सगळा जीव नांगराच्या वजनात अडकलेला, पण ओढ आडवी बसली तरच नांगर तळात रुततो, दोर आखूड पडला की तो वर उचलला जातो आणि होडी लागली वाहायला. हिशोब सोपाय, पाण्याची खोली अधिक पाण्यापासून नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, उंची, या बेरजेला गुणिले 7. म्हणजे 3 मीटर पाणी अन् अर्धा मीटर नाळ असेल तर साडेचोवीस मीटर, मग 30 चा दोर घ्याच. वारा पडलेला असेल, जरा वेळच थांबायचंय, तर 5 पटीत भागतं. दोर नायलॉनचा, तो ताणतो आणि झटका खातो. तरंगणारा प्लास्टिकचा नको, मोटरच्या पंख्यात गेला की दिवस संपला. नांगर आणि दोराच्या मध्ये दीड-दोन मीटर साखळी, आणि शॅकलची, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने आवळलीय का ते बघा, हलून हलून ती सुटते.

वाळू-चिखलाला चपट्या पात्यांचा नांगर, दगडांत आकड्यांचा. मशरूमवाला मऊ गाळात, तळ्यात ठीक, वाहत्या नदीत नको.

दोराचं दुसरं टोक होडीला बांधलंय ना? हसू नका, मी एकदा नांगर झोकात सोडला आणि मागोमाग दोराचं शेपूटही डोळ्यांदेखत पाण्यात गेलं.

नदीत दोर नाळेलाच, मागच्या बाजूला कधीच नाही, प्रवाह मागचा भाग खाली दाबतो आणि पाणी आत येतं, छोटी होडी बघता बघता बुडते. सुरी हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नाही, ओंडका येऊन दोरात अडकला तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. तळ्यात वारा फिरला की होडीही फिरते, म्हणून चारी बाजूंना मोकळं पाणी बघून थांबा.

नांगर फेकायचा नाही, नाळ प्रवाहाकडे किंवा वाऱ्याकडे करून हळूहळू सोडायचा, आणि पाय दोराच्या वेटोळ्यात नाही ना ते आधी बघा. मग काठावरची एका रेषेतली दोन झाडं हेरून ठेवा, होडी स्थिरावल्यावरही ती एकमेकांपासून सरकत राहिली तर दोराला हात लावून बघा, थरथर लागली म्हणजे नांगर घसरतोय, अजून दोर सोडा.