जेंबेच्या साथीने शिकताना : न्यूयॉर्कला नव्याने येणाऱ्या नृत्यविद्यार्थ्यांसाठी

ब्रुकलिनमध्ये गिनीच्या एका नृत्यशिक्षिकेकडे मी पश्चिम आफ्रिकी नृत्य शिकत आलो आहे. परक्या शहरात वर्ग कसा उभा राहतो आणि टिकतो, हे ज्यांना पुढे स्वतः शिकवायचे आहे त्यांनी अशा ठिकाणी जवळून पाहावे, असे माझे मत आहे.

गिनीहून आलेल्या या शिक्षकांची शिस्त कोठून आली, हे आधी जाणून घ्यावे. गिनीचे कलावंत फोदेबा केइता यांनी पॅरिसमध्ये उभारलेला ‘ले बॅले आफ्रिकें’ हा नृत्यसंच १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर देशाचा राष्ट्रीय संच झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या राजवटीत गावोगावची नृत्ये कडक तालमीतून रंगमंचावर आली, आणि १९८४ मध्ये तुरे यांच्या निधनानंतर राजाश्रय आटत गेला, तेव्हा अनेक कलावंतांनी युरोप-अमेरिकेची वाट धरली. तेथे त्यांच्यापाशी ना संस्था होती ना पगार. होता तो फक्त वर्ग.

या वर्गाचा कणा म्हणजे प्रत्यक्ष वाजणारी वाद्ये. केंकेनी, सांगबान आणि दुनुनबा हे तीन ढोल ठेका धरतात आणि मुख्य जेंबेवादक (जेंबे म्हणजे हातांनी वाजवायचा ढोल) एक ठरलेला बोल वाजवून चाल बदलण्याचा इशारा देतो. ढोल-ताशा पथकात ताशाकडे कान ठेवण्याची सवय असलेल्यांना हे लवकर उमगेल. आरशात पाहून पावले मोजणारे मात्र हमखास चुकतात. नवख्यांनी मागच्या ओळीत उभे राहावे, कमरेला कापड गुंडाळावे आणि शेवटच्या रिंगणात एकट्याने नाचण्याची पाळी आली की लाजून मागे सरू नये, कारण तेथे कौशल्यापेक्षा सहभागाला मान असतो.

आमच्या बाई वर्ग संपताच जमलेल्या फीमधून आधी वादकांची बिदागी हातावर ठेवतात आणि उरेल ते स्वतःकडे घेतात. विद्यार्थी कमी आले तर त्यांना स्वतःला फारसे काही उरत नाही, पण ध्वनिमुद्रित संगीतावर त्यांनी कधी भागवले नाही. त्यामुळे वादक टिकले आणि वादकांमुळे जुने विद्यार्थी टिकले. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आयांसाठी दालनाचा एक कोपरा मोकळा असतो, आणि तीच मुले पुढे केंकेनीवर बसतात. (समाज जोडण्याचे प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्यांनी तो कोपरा एकदा पाहावा.) मे महिन्यात ब्रुकलिन अकादमी ऑफ म्युझिकमध्ये भरणारा, अमेरिकी नृत्यदिग्दर्शक चक डेव्हिस यांनी १९७७ मध्ये सुरू केलेला ‘डान्सआफ्रिका’ महोत्सवही चुकवू नये, शहरातले शिक्षक आणि वादक तेथे भेटतात.

विद्यार्थी व्हिसावर असताना बाहेर पैसे घेऊन शिकवायचे असेल, तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावे, कारण परवानगीविना केलेले असे काम व्हिसाच्या अटींचा भंग ठरू शकते.