टेस्ट रखडतात? कॅसँड्राला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

कोडच्या टेस्ट लावायच्या आणि सात रस्ता चौकात चहा मारून यायचं, ही सवय सोलापुरातल्या बऱ्याच छोट्या टीमना लागली आहे. परत येईतो एखादी टेस्ट लाल झालेली असते. मग ठरलेलं वाक्य येतं, "परत चालव बे, होतंय पास." दोष कॅसँड्रा या डेटाबेसचा, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात वेळ खाते ती आपली धुवाधुवी, म्हणजे टेस्टनंतर डेटा साफ करणं.

पाहुणा गेला की चादर धुवायची, वाळेपर्यंत पुढच्याला दारात उभं करायचं, असं घरी कोणी करत नाही. टेस्टमध्ये मात्र सर्रास चालतं: प्रत्येक टेस्टनंतर सगळी टेबलं ट्रंकेट, म्हणजे एका फटक्यात पूर्ण रिकामी. कॅसँड्रात हे काम स्वस्त नाही. ट्रंकेटसाठी सगळे नोड (कॅसँड्रा चालवणारी मशीनं) जागे लागतात. मेमरीतला डेटा आधी डिस्कवर उतरवला जातो, वर त्याचा स्नॅपशॉटही (त्या क्षणाची प्रत) निघतो, कारण ऑटो-स्नॅपशॉट मुळातच चालू असतं. १२ टेबलं आणि २०० टेस्ट म्हणजे २,४०० वेळा हा सोहळा, आणि डिस्कवर बारीक फाइलींचा ढीग. टेस्टच्या कॉन्फिगमध्ये ऑटो-स्नॅपशॉट बंद करा आणि कीस्पेसचं (टेबलांच्या गटाचं) ड्युरेबल-राइट्सही, म्हणजे प्रत्येक लिहिण्याची लॉगमध्ये नोंद करणंही, बंद ठेवा. दोन्ही बंद असतील तरच डिस्कवर उतरवणं टळतं. एकच बंद करून "फरक पडला नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रॉडक्शनमध्ये मात्र या दोन सेटिंगना हात लावू नका.

यावर घाईच्या माणसाची पळवाट ठरलेली: ट्रंकेटऐवजी डिलीट. टॉवेल कारखान्यांसाठी मागनिहाय उत्पादनाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका टीमने नेमकं हेच केलं. कॅसँड्राचा कंटेनर (डेटाबेस चालवणारा बंदिस्त डबा) रोज तोच वापरायचे, ते बरोबरच होतं. पण पार्टिशन की (नोंदी कुठल्या गटात जातात ते ठरवणारी) प्रत्येक वेळी 'माग-१२', आणि क्लस्टरिंग की (गटातला क्रम ठरवणारी) वेळेनुसार नवी. एक टेस्ट ५०० नोंदी घालायची आणि शेवटी एकेक करून पुसायची. सगळे खूश. लॉगमध्ये इशारे यायला लागले, ते कुणी वाचले नाहीत. आणखी काही दिवसांनी ती टेस्ट साफ मोडली. कोड तोच, शाखा तीच.

कारण असं की कॅसँड्रात डिलीट म्हणजेही एक लिहिणंच. प्रत्येक पुसलेल्या नोंदीमागे टूमस्टोन, म्हणजे पुसल्याची खूण, उरतो आणि मूळ सेटिंगनुसार तो ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस तरी हलत नाही. एका वाचनात १,००० टूमस्टोन ओलांडले की इशारा, १ लाख ओलांडले की क्वेरीच रद्द. ५०० गुणिले २०० खेपा, झाले १ लाख. पुढच्या खेपेला माग-१२ बंद.

उपाय साफसफाईचा नाहीच. प्रत्येक पाहुण्याला वेगळी चादर द्या: टेस्ट सुरू होताना नवा यूयूआयडी (कधीच न जुळणारा ओळख क्रमांक) काढा, तोच कारखान्याचा आयडी म्हणून पार्टिशन कीमध्ये घाला आणि पुसू नका. टेस्ट एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, त्यामुळे समांतरही चालतात. कंटेनर आठवड्यातून एकदा फेकून नवा उभा केला की पुरे. कारखान्याचा आयडी कीमध्ये नसेल, तर प्रत्येक समांतर वर्करला (टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेसला) स्वतःची कीस्पेस द्या. पण ती टेस्ट सुरू होण्याआधी आणि एकामागून एक बनवा. चार वर्कर एकाच वेळी टेबलं बनवू लागले की नोडमध्ये स्कीमाचा (टेबलांच्या रचनेचा) घोळ होऊ शकतो, आणि जावा ड्रायव्हर (आपला कोड डेटाबेसला जोडणारी लायब्ररी) नोडांचं एकमत होईपर्यंत मूळ सेटिंगनुसार १० सेकंदांपर्यंत वाट बघत बसतो.

दुसरा लाडका गुन्हा स्लीपचा, म्हणजे टेस्टला मुद्दाम थांबवायचा. "डेटा पोचायला वेळ लागतो ना" म्हणून लिहिल्यावर २ सेकंद झोप. अशा १८० टेस्ट म्हणजे ६ मिनिटं नुसती झोप! एकच नोड आणि रेप्लिकेशन (प्रतींची संख्या) १ असेल तर डेटा पोचायचा कुठे? होकार आला की तो वाचता येतो. तीन प्रती असल्या तरी लिहिणं-वाचणं दोन्ही कोरमवर (निम्म्याहून जास्त प्रतींच्या होकारावर) असेल, तर २ अधिक २ हे ३ पेक्षा जास्त, म्हणून वाचनात नवी प्रत येतेच. खरोखर मागून होणारं काम असेल, उदाहरणार्थ रांगेतून उचलून लिहिणं, तर दर ५० मिलिसेकंदांनी विचारा आणि ५ सेकंदांवर हार माना.

स्लीप काढली की अधूनमधून टेस्ट पडते? मग डिलीट आणि इन्सर्ट दोन वेगळ्या सेशनमधून (डेटाबेसशी जोडणीतून) जातात का, ते बघा. दोन्हींचा टाइमस्टॅम्प सारखा पडला तर डिलीट जिंकतं आणि नुकतीच घातलेली नोंद गायब होते. स्लीपने हे झाकलं जातं, बरं होत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

लॅपटॉपवर तीन नोड नकोत. ३ आणि ४ च्या मालिकेत १६ जीबीच्या मशीनवर प्रत्येक नोड आपणहून ४ जीबी हीप (जावाची मेमरी) घेतो. एकच नोड ठेवा आणि हीपची कमाल व तिच्यातल्या नव्या पिढीची (ताज्या डेटाच्या भागाची), दोन्ही मापं स्वतः द्या. एका नोडवर रेप्लिकेशन ३ ठेवून कोरम मागितलात तर उत्तर मिळणार नाही.

प्रत्येक टेस्टला नवं सेशन उघडू नका, सगळ्यांना मिळून एकच.

कंटेनरची इमेज (ज्यातून तो उभा होतो तो साचा) 'लेटेस्ट' नको, आवृत्ती लिहा.

आणि कॅसँड्राच्या जागी सगळीकडे हॅशमॅप (मेमरीतली साधी की-किंमत यादी) घालून "आमच्या टेस्ट ४ सेकंदांत होतात" म्हणून मिरवू नका. पार्टिशन की सोडून भलत्याच रकान्यावर गाळणारी क्वेरी हॅशमॅप निमूट चालवतो, कॅसँड्रा सहसा नाकारतो. मजुरीचा हिशेब, दराचे नियम यांच्या टेस्टना डेटाबेस लागतच नाही, तिथे बनावट चालेल. क्वेरी लिहिलेला थर मात्र खऱ्यावरच तपासा.

वेग मोजताना पहिली खेप सोडून द्या, पुढच्या पाचांतली मधली वेळ घ्या. आणि मे महिन्यात सकाळी मोजा. चाळिशीपार दुपारी लॅपटॉप तापून आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि मग कालच्या बदलाने टेस्ट मंद झाल्या असा भलताच निष्कर्ष निघतो.