टॉवेल-चादरीच्या गोदामाला कुठला टॅग लावावा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माल मोजायला रेडिओ टॅग (बिनतारी वाचता येणारी चिप) घ्यायचं निघालं की सगळे आधी रेंज विचारतात. त्याआधी हे ठरवा: एका वेळी एकच नग वाचायचा आहे, की न सोडता अख्खा गठ्ठा?

एकच नग असेल तर एनएफसी, म्हणजे अगदी जवळ नेऊन वाचायचा टॅग. १३.५६ मेगाहर्ट्झ, अंतर जेमतेम चार सेंटीमीटर. वाचायला मोबाइल पुरतो. एनटॅग २१३ या एनएफसी चिपमध्ये १४४ बाइट मावतात, म्हणजे लिंक आणि लॉट नंबर आरामात. मजकूर तपासूनच लॉक करा, कारण लॉक परत उघडत नाही. नुसता लॉट नंबरच हवा असेल तर छापील क्यूआर लावा आणि पैसे वाचवा.

गठ्ठ्याला यूएचएफ, म्हणजे दुरून एकदम अनेक नग वाचता येणारा टॅग. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. अमेरिकेसाठी बनलेला ९०२-९२८चा रीडर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, त्यातला बराच पट्टा इथे मोबाइल सेवेचा आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना मीटरभर उंचीवर सर्क्युलर पोलरायझेशनचे (टॅग आडवा-उभा कसाही असला तरी वाचणारे) अँटेना बसवा. मोजलेला ५० नगांचा गठ्ठा घ्या, रीडरची पॉवर २० डीबीएमवर (डीबीएम हे पॉवरचं माप) ठेवा आणि एकेक डीबीएम वाढवत न्या. सलग दहा फेऱ्यांत पन्नासच्या पन्नास आले की तिथेच थांबा. आणखी वाढवली तर मागच्या रॅकवरचा मालही चलनात चढतो! एकच टॅग सेकंदात अनेकदा वाचला जातो, म्हणून सॉफ्टवेअरने वेगळे ईपीसीच (टॅगमधला ओळख नंबर) मोजले पाहिजेत.

पन्नासात चार-पाच कमी येत असतील तर रीडरला दोष देण्याआधी घडी बघा. सगळे टॅग एकाच कोपऱ्यात शिवलेले असले की ते एकावर एक येतात आणि एकमेकांचं ट्यूनिंग बिघडवतात. एक टॉवेल सुलटा, एक फिरवून रचा. ओला माल मोजूच नका. पाणी यूएचएफ लहरी शोषतं, ड्रायरनंतरच मोजा. लोखंडी रॅकला साधं लेबल चिकटवलं तर वाचलं जाणार नाही, तिथे अँटी-मेटल टॅग लागतो.

१२५ किलोहर्ट्झचे टॅग पाण्याला फारसे जुमानत नाहीत, पण अंतर काही सेंटीमीटरच आणि गठ्ठा मोजणं त्यांच्या आवाक्याबाहेर. ते गेटवरच्या हजेरी कार्डांना ठीक.

ट्रॉली कुठल्या खात्यात आहे एवढंच कळायचं असेल तर ब्लूटूथ बीकन, म्हणजे स्वतःहून सिग्नल पाठवत राहणारं सेलवरचं छोटं यंत्र. नेमकी जागा त्यातून मिळत नाही. मध्ये माणूस उभा राहिला तरी सिग्नल पडतो. सीआर२०३२ सेल साधारण ६० अंशांपर्यंतच चालतो, तेव्हा बीकन ड्रायरच्या तोंडाशी जाणाऱ्या ट्रॉलीवर लावू नका.