कॉर्नियात रिंग बसवताना: ट्रेवर काय हवं आणि कुठे चुकतं

केराटोकोनस या आजारात कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. चष्म्याने भागत नाही, कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नाही, पण कॉर्नियाचा मधला भाग अजून स्वच्छ आहे, अशा डोळ्यात पीएमएमए या कडक पारदर्शक प्लास्टिकचे एक-दोन कमानदार तुकडे कॉर्नियाच्या जाडीतच सरकवतात; यांनाच रिंग म्हणतात. कडेला भर पडली की मधला भाग सपाट होतो. तुकडा जितका जाड आणि त्याचा व्यास जितका लहान, तितका परिणाम जास्त. इंटॅक्स या ब्रँडच्या रिंगला अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक एफडीएने 1999 मध्ये कमी मायनस नंबरसाठी आणि 2004 मध्ये केराटोकोनससाठी मान्यता दिली. रिंगने आकार सुधारतो, आजाराची वाढ थांबत नाही; त्यासाठी क्रॉसलिंकिंग (रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करणं) लागतं. संमतीपत्रावर सही घेण्याआधी हे पेशंटला स्पष्ट सांगावं.

फेमटोसेकंद लेझर असेल तर रिंग सरकवायचा कॉर्नियातला बोगदा काही सेकंदांत तयार होतो आणि खोलीही बरीच नेमकी मिळते. पण मशीन सगळीकडे नसतं, आणि असलं तरी ऐनवेळी बंद पडू शकतं. म्हणून हाताने करायच्या पद्धतीचा ट्रे ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटी) प्रत्येकाला लावता यायलाच हवा.

ट्रेवर ही हत्यारं लागतात: मध्यबिंदूची खूण करायला बोथट सिन्स्की हुक (बारीक वाकडं टोक असलेलं हत्यार), चिऱ्याची आणि रिंगची जागा उमटवणारा मार्कर, खुणेसाठी जेन्शियन व्हायोलेट शाई, कॉर्नियाची जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासाउंड पॅकिमीटरचा प्रोब, खोली ठरवता येणारा मायक्रोमीटरचा डायमंड नाइफ, पॉकेटिंग हुक, स्ट्रोमल स्प्रेडर (कॉर्नियाचे थर वेगळे करणारा), सक्शन रिंग, बोगदा करणारे दोन वळणदार डिसेक्टर (एक घड्याळाच्या दिशेचा, एक उलट दिशेचा), रिंग धरायची फोरसेप्स, टाक्यासाठी 10-0 (अतिशय बारीक) नायलॉन आणि शेवटी डोळ्यावर ठेवायची बँडेज लेन्स. दोन्ही डिसेक्टर ट्रेवर वेगवेगळ्या बाजूंना ठेवा. शेजारी ठेवले तर मायक्रोस्कोपखाली पाहणाऱ्या सर्जनच्या हातात हमखास उलटा जातो.

खुणा पेशंट बसलेला असतानाच, स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर) कराव्यात. आडवं झाल्यावर डोळा थोडा फिरतो आणि अक्ष सरकतो. चिरा साधारणपणे जिथे कॉर्नियाचा बाक सर्वांत जास्त, त्या अक्षावर घेतात.

सगळी शस्त्रक्रिया खोलीवर उभी आहे. पॅकिमेट्री, म्हणजे जाडीचं मोजमाप, चिऱ्याच्या जागीच करायची. मधल्या जाडीचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण कडेला कॉर्निया बराच जाड असतो. समजा तिथे 560 मायक्रॉन आले. इंटॅक्ससाठी 70 टक्के धरले तर 392, म्हणजे नाइफ 390 वर. फेरारा ब्रँडसारख्या त्रिकोणी छेदाच्या रिंगला सहसा 80 टक्के खोली घेतात. या रिंगची जाडी तिथल्या कॉर्नियाच्या निम्म्याहून जास्त नसावी. नाइफ लावण्याआधी शून्यावर आणून मायक्रोस्कोपखाली बघा: डायमंडचं टोक फूटप्लेटच्या बरोबर रेषेत हवं. शून्यच चुकलं असेल तर पुढचा हिशोब कितीही बरोबर केला तरी फुकट.

चिरा सुमारे 1 मिमीचा, नाइफ पृष्ठभागाला काटकोनात धरून. नाइफ कलला की चिरा ठरल्यापेक्षा उथळ होतो, आणि वरून पाहून ते कळत नाही. चिऱ्याच्या तळाशी पॉकेटिंग हुकने दोन्ही बाजूंना छोटा खिसा करतात आणि स्प्रेडरने तो पुढे वाढवतात. घोळ बहुतेक इथेच होतो. डावा खिसा तळाला आणि उजवा थोडा वर झाला, तर दोन रिंग दोन पातळ्यांवर बसतात. म्हणून हुक प्रत्येक वेळी आधी तळाला टेकवायचा आणि मगच बाजूला वळवायचा.

सक्शन सुरू करण्याआधी पेशंटला सांगून ठेवा की थोडा वेळ अंधारून येईल, हलू नका. सक्शन 3 मिनिटांच्या आत सोडायचं. वेळ सिस्टरने मोठ्याने सांगावी. डिसेक्टर फिरवताना जोर लावायचा नाही. पात्याच्या पुढे कॉर्नियाच्या पृष्ठभागावर सुरकुत्या उमटू लागल्या तर पातं वर आलंय: मागे घ्या आणि खिशाच्या तळाशी पुन्हा सुरुवात करा. चिऱ्यातून डोळ्याच्या आतलं पाणी आलं, तर कॉर्नियामागच्या पुढच्या कप्प्यात भोक पडलं आहे. तिथेच थांबावं, टाका घालावा, रिंग त्या दिवशी घालू नये.

दोन रिंग वेगवेगळ्या जाडीच्या असतील तर डबा उघडण्याआधी लेबल मोठ्याने वाचून फळ्यावरच्या नोंदीशी ताडून घ्या. शंकू खाली झुकलेला असेल तर जाड रिंग सहसा खालच्या बाजूला जाते. रिंग पारदर्शक असते. ओल्या ड्रेपवर पडली की दिसत नाही, आणि फोरसेप्स जास्त दाबली तर निसटून उडते. म्हणून ती बीएसएसच्या (डोळ्यासाठीच्या सलाईनच्या) छोट्या वाटीतून थेट चिऱ्याजवळ न्यावी. आत गेल्यावर टोकाच्या बारीक भोकात सिन्स्की हुक अडकवून ती पुढे ढकलतात. टोक चिऱ्यापासून निदान 1 मिमी दूर हवं. जवळ राहिलं तर चिरा भरत नाही, वरचा थर विरघळतो आणि महिन्यांनी रिंग बाहेर डोकावते. उथळ बसलेल्या रिंगचीही गत हीच. पुढच्या तपासणीत एएस-ओसीटी (डोळ्याच्या पुढच्या भागाचं स्कॅन) काढून खोली नोंदवून ठेवावी.

नायलॉनचा टाका घातला तर गाठ आत पुरावी, नाहीतर पेशंट डोळा चोळत बसतो. केराटोकोनसच्या पेशंटला डोळे चोळण्याची सवय बहुतेकदा आधीच असते. ती मोडायला हवी, हे डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

धुऊन झाल्यावर डायमंड आत घ्यायचा नाही असं काही जण करतात, आणि पातं तुटतं ते तिथेच. आधी डिस्टिल्ड पाण्याच्या धारेने धुवा, कापसाने पुसू नका, मग पातं आत घेऊन वेगळ्या डब्यात ठेवा. डिसेक्टरचं टोक मायक्रोस्कोपखाली पाहावं. टोकाला बारीक कुसळासारखा खरखरीतपणा आला असेल तर तो बोगद्यात पातळी सोडून फाडत जातो. साबणाचा अंश राहता कामा नये, हातमोजे पावडर नसलेलेच हवेत, आणि गॉजचा धागा आत जाऊ नये म्हणून टिपायला धागे न सुटणारा पीव्हीए स्पंज वापरावा. बोगद्यात अडकलेला धागा किंवा पावडरचा कण नंतर धुऊन काढणं अवघड, आणि रिंगभोवती सूज आली की संसर्ग आहे की परका कण, हे ठरवण्यात वेळ जातो.