चाळीतल्या खोलीत प्रार्थनासभा ठेवायची झाली तर

रविवारची चर्चमधली उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून सगळ्यांचे हात हातात घेतात आणि बोलता बोलता विचारतात, "पुढची घरगुती सभा तुमच्याकडे ठेवायची का?" आपण हो म्हणून बसतो. दादरचा पूल येईपर्यंत पोटात गोळा. माणसं बसवायची कुठे, कप किती, भिंतीला ओल आलीय त्याचं काय. नायगावच्या बीडीडी चाळीत आमची १६० चौरस फुटांची खोली. तिच्यात मी २२ वर्षं सभा घेतेय. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त. पहिल्यांदा सभा घ्यायची वेळ आलेल्यांसाठी चार गोष्टी सांगते.

पहिलं म्हणजे घर सजवू नका. माझ्या पहिल्या सभेला मी शेजारून पडदे मागून आणले, नवी चादर अंथरली, चहाबरोबर चार पदार्थ केले. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढची सभा ज्या बाईंकडे होती त्या दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "आमच्याकडे नको बाई, तुमच्यासारखं नाही जमायचं." त्यांच्यानंतर आणखी दोघींनी तेच सांगितलं. माझ्या एका चादरीने तीन घरांची दारं लावली. कृपा म्हणजे न कमावता मिळतं ते, हे आपण शब्बाथशाळेपासून पाठ करतो आणि सभा घरी यायची म्हटली की ती कमवायला बसतो. आता मी दोरीवरचे कपडेसुद्धा काढत नाही. आतले तेवढे काढते. चहाबरोबर एकच पदार्थ, खारी नाहीतर बिस्किट. कुणी डबा भरून काही आणलं तर नको म्हणत नाही, पण नियम एका पदार्थाचा.

वार शुक्रवार बरा. रविवारी मेगाब्लॉक असतो, कल्याण-बदलापूरची माणसं अडकतात. साडेसातला सुरुवात, नऊच्या आत शेवटचं आमेन, म्हणजे लांबच्यांना गाडी मिळते. आठ वाजेपर्यंत वाट बघत बसू नका, दोघं-तिघं आली की गाणं सुरू करा. बोळातून सूर ऐकला की मागून येणारे भराभर पाय उचलतात. पावसाळ्यात हिंदमाता चौकात पाणी भरलं असेल तर सरळ फोन करून पुढच्या आठवड्यावर ढकला. गुडघाभर पाण्यातून आलेल्या माणसाचं लक्ष वचनात नसतं, ओल्या पायांत असतं.

शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगा. आमच्या चाळीत मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास टोकाला. वीस जोड चपला बोळात पसरल्या की रात्री बादली घेऊन निघालेला माणूस शिव्याच देणार, आणि त्याचं बरोबरच आहे. मी एका पोराला चपलांवर नेमते. भिंतीलगत एका रांगेत, टाचा भिंतीकडे. स्पीकर लावायचा नाही. एवढ्याशा खोलीत माणसाचा गळा पुरतो. आणि दार उघडं ठेवा. हल्ली प्रार्थना म्हटलं की काहींच्या भुवया वर जातात, त्यांना आत काय चाललंय ते दिसू दे. गणपतीत दहा दिवस बोळात आरती असते तेव्हा आम्हीही वाट देतोच की. समोरची आजी उंबऱ्यावर येऊन बसते, टाळ्या वाजवते. तिला चहा द्यायचा, पण कपाबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका द्यायची नाही. चहा हा चहाच राहू दे.

खाट बाहेर काढू नका. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या बायका बसणार कुठे? बाकीचे सतरंजीवर, तान्ही मुलं दाराजवळ. गर्दी होणार म्हणून घाबरू नका. बायबलमध्ये कफर्णहूम गावी येशू ज्या घरात होता तिथे दारापर्यंत माणसं भरली होती म्हणून चौघांनी छत उकरून आपला पक्षाघाताचा माणूस खाली सोडला. त्या घरमालकाचं नाव मार्कने आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, पण पावसाळ्याआधी ते छप्पर कुणी शाकारलं असेल, हा विचार माझ्या मनात दरवेळी येतो.

गाणी निवडताना 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात असलं तरी इंग्रजी चालींवरची गाणी टाळा. त्यांना चर्चमधला ऑर्गन लागतो, नाहीतर दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचे सूर आपापल्या गावाला जातात. टिळकांची भजनं घ्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मुंबईत झाला, आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंग-ओवीच्या चालीत बसवला. ते गायला पेटीसुद्धा लागत नाही, टाळ पुरे. प्रभूच्या प्रार्थनेत कुणी 'पित्या' म्हणेल, कुणी वसईची कॅथलिक सून 'बापा' म्हणेल. थांबवून दुरुस्त करू नका.

बायबलमधलं वचन एकेकाने एकेक ओवी वाचायचं ठरवलं तर आधी एक बघा. वाचता न येणारं कुणी आहे का? आमच्यात दोन आजी होत्या. पाळी आली की चष्मा विसरल्याचं सांगायच्या. मग मी २३वं स्तोत्र घ्यायला लागले. ते दोघींना तोंडपाठ. शास्त्र मांडीवर उघडं, नजर पानावर, आणि खणखणीत आवाजात म्हणायच्या. पान भलतंच असायचं.

आता प्रार्थनेच्या विनंत्यांचं, म्हणजे कुणासाठी काय मागायचं त्याचं. इथे मी स्वतः माती खाल्लीय, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या मंडळीतल्या एका भावाची कंपनी बंद पडली होती. तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर फाइव्ह गार्डनमध्ये झाडाखाली बसून संध्याकाळी घरी यायचा. बायकोला माहीत होतं, सासरच्यांना नव्हतं. तिने नळावर मला सांगितलं, रडली. त्या शुक्रवारी माझ्याच घरी, चोवीस माणसांत, डोळे मिटून मी मोठ्या कळवळ्याने प्रार्थना केली. "प्रभू, या भावाची नोकरी गेलीय, घराचे हप्ते थकलेत." त्याचा मेहुणा खाटेच्या पायाशी बसला होता. मी आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा भाऊ उठून दारात चपला शोधत होता. पोराने त्या इतक्या नीट रांगेत लावलेल्या की त्याला आपली जोडी पटकन सापडेना. तेवढा वेळ सगळी खोली गप्प.

त्यानंतर तो यायचा बंद झाला. मी दोनदा त्याच्या घरी गेले, भेटला नाही. तिसऱ्यांदा रस्त्यात गाठला. "मी प्रार्थनाच केली ना" असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. एवढंच म्हटलं, "चूक माझी, भाऊ." तो "बघू" म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून माझ्याकडे विनंत्या चिठ्ठीवर. सुरुवातीला कागदाचे तुकडे आणि पेन्सिल फिरवायची. नाव नाही, तपशील नाही. 'नोकरी', 'घरातलं आजारपण', 'मुलाचं मन' एवढं पुरे, देवाला पत्ता लागत नाही. दुसऱ्याची विनंती तोंडाने मांडायची असेल तर आधी त्यालाच विचारा, "नाव घेऊ का?" आजाराचं नाव तर मी घेतच नाही. दवाखान्यात तीस वर्षं लोकांच्या फायली सांभाळल्या, त्या इथे उघडायच्या नाहीत. प्रार्थनेतून टोमणे मारणारेही असतात. "प्रभू, आमच्या काही भगिनींना वेळेवर येण्याची बुद्धी दे." असं सुरू झालं की मी जरा जोरात खोकते. आणि प्रार्थना झालीय, आता गोळ्या बंद करा, असं आजाऱ्याला सांगणाऱ्याला माझ्या घरात चहा मिळत नाही, मग तो कितीही मोठा प्रभूचा सेवक असो.

आमेन म्हटल्यावर लगेच पांगू देऊ नका. चिठ्ठ्यांतलं एखादं काम तिथल्या तिथे वाटून घ्या. गावाकडून कुणी परळला टाटा हॉस्पिटलात तपासणीला आलं असेल तर सोमवारी डबा कोण देणार, बुधवारी कोण. वार आणि नाव ठरलं नाही तर डबा जात नाही, हा अनुभव आहे. पैशाची मदत असेल तर पाकिटात, मोरीकडे हात धुवायला जाता जाता द्यावी. आमचे हे आजारी होते तेव्हा मला अशी पाकिटं मिळाली. पहिलं मी परत केलं. ज्या मावशींचं होतं त्या आठवडाभर बोलल्या नाहीत, मग दुसरं घेऊन आल्या. त्यात पहिल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त होते. घेतलं.

चहा आधीच करून थर्मासात भरून ठेवा, म्हणजे सभा चालू असताना तुम्ही बायबलमधल्या मार्थेसारख्या स्टोव्हपाशी अडकणार नाही. कप शेजारून आणा. आणि सगळे निघाले की लगेच कप गोळा करायला घेऊ नका. जो सगळ्यात शेवटी उरतो त्याला बहुतेक वेळा काहीतरी सांगायचं असतं, भांड्यांचा आवाज झाला की तो निघून जातो.

तो भाऊ आठ महिन्यांनी आला. खारीचं पाकीट घेऊन, उशिरा, दाराजवळ बसला. चिठ्ठी घेतली नाही, गायला मात्र. सगळे गेले तरी बसून होता. मी गप्प बसले. मग तोच उठला, कप उचलून मोरीत नेले आणि विसळायला लागला. मी पुसत गेले. नोकरीचं त्याने काढलं नाही, मीही नाही. "पाणी किती वाजता जातं तुमच्याकडे?" त्याने विचारलं. साडेनऊला, म्हटलं. अजून सोळा कप होते.